सेकंडहँड बोट घेताना बोटीबाहेरही बघा

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९६४ पासून साजरा होतोय, पण सुट्टी नसल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताच नसतो :) त्यामागची गोष्ट अशी की ५ एप्रिल १९१९ रोजी 'एस. एस. लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना हिंदी मालकांच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने सोडलेलं हे पहिलं जहाज.

या दिवसाच्या भाषणांमध्ये एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे जहाज सेकंडहँड होतं. खरं तर थर्डहँडच. आणि जहाज म्हणून बघितलं तर सौदा फसला. चार वर्षांत ते भंगारात निघालं. पण ज्याने सौदा केला तो माणूस मात्र बुडाला नाही. हे कसं काय, ते आज बघू.

आता समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आम्हा सेलूकरांना जहाजांचं काय पडलंय, असं कोणी विचारेल. तर ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर निम्न दुधना धरण झाल्यापासून 'इथे बोटिंग सुरू करायला पाहिजे राव' हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर ऐकू येतं. साधी बोट नको, जेट बोट पाहिजे, पोरं त्यालाच पैसे देतात, हे त्याच्या पुढचं वाक्य. आणि नव्या बोटीची किंमत कळली की गाडी आपोआप जुन्या बोटीवर येते. म्हणून म्हटलं, जुनी जहाजं घेताना आपल्या थोरामोठ्यांनी काय बघितलं, काय बघायचं राहिलं, हे एकदा नीट मांडावं.

आधी जेट बोट म्हणजे काय ते थोडक्यात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन नावाचा एक शेतकरी-इंजिनिअर होता. तिथल्या नद्या उथळ, गोट्यांच्या, जोराच्या प्रवाहाच्या. साध्या बोटीचा पंखा तळाला आपटून मोडायचा. १९५० च्या दशकात त्याने पंखा बोटीच्या पोटात घेतला. म्हणजे बोटीखालून जाळीतून पाणी ओढायचं, आतल्या इंपेलरने त्याला जोर द्यायचा आणि मागच्या नोझलमधून पिचकारीसारखं फेकायचं. आपल्या विहिरीवरच्या पंपाचाच हा चुलतभाऊ. पाणी मागे, बोट पुढे. न्यूटनचा तिसरा नियम, बारावीला घोकलेला!

हे यंत्र भारतातही गाजून गेलंय. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले आणि गंगेतून उलटे वर चढत अलकनंदेत नंदप्रयागच्या आसपास पोचले. एका धबधब्याने शेवटी वाट अडवली. बोट चालवणाऱ्यांमध्ये बिल हॅमिल्टनचा मुलगा जॉन होता. एवढ्या उथळ आणि खळाळत्या पाण्यात दुसरी कुठली बोट गेली नसती.

बरं, आता मुद्द्यावर येऊ. जुनी बोट घेताना विचारायचे पाच प्रश्न, आणि प्रत्येकामागे एक जहाज.

१. ही आधी काय काम करत होती?

लॉयल्टीचा जन्म इंग्लंडमधल्या बॅरो इथला. १८९० मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा नाव होतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. मालक कॅनडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी. काम काय, तर व्हँकुव्हर ते जपान आणि हाँगकाँग अशी टपाल आणि पैसेवाल्या प्रवाशांची ने-आण. सुमारे ५,९०० टनांची, दोन पंख्यांची, १६ नॉट धावणारी ऐटबाज बोट. १९०३ मध्ये तिची एका चिनी क्रूझरशी टक्कर झाली आणि बुडाली ती क्रूझर! (जुन्या गाडीची ॲक्सिडेंट हिस्टरी विचारतात ती यासाठी.)

१९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि महायुद्धात जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल शिप म्हणून दिली. साम्राज्यावरची निष्ठा दाखवायची म्हणून नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपलं, जहाज रिकामं झालं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, सोबत नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी ते घेतलं. कंपनीचं 'सिंधिया' हे नावही शिंदे घराण्यावरूनच आलं.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० नॉटने रमतगमत जाणाऱ्या मालवाहू बोटीच्या तुलनेत तेवढ्याच आकाराच्या १६ नॉटच्या बोटीला चौपट ताकद लागते. अंतर तेच धरलं आणि वेळ कमी लागतो हे हिशोबात घेतलं, तरी कोळसा अडीचपट. टपालाचं सरकारी कंत्राट आणि फर्स्ट क्लासचं तिकीट असेल तर हा खर्च निघतो. नव्या कंपनीकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणजे जहाज वाईट नव्हतं, ते दुसऱ्याच कामासाठी बांधलेलं होतं. दुसऱ्याच क्लायंटसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्याकडे आणून बसवलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

जेट बोटीचंही हेच. समुद्रावर वापरलेली बोट असेल तर खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम आणि बोल्ट खाल्लेत का ते बघा. उथळ नदीत वापरलेली असेल तर जाळीतून वाळू गेलेली असणार, म्हणजे इंपेलर आणि त्याभोवतीची कडी झिजलेली असणार. ही कडी आणि इंपेलर यांच्यात जेमतेम फट असते. ती वाढली की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट हलत नाही. विकणारा म्हणेल, 'इंजिन एक नंबर आहे.' असेलही. पंपाचं बोला.

२. पोट उघडून बघितलं का?

बाहेरून रंग मारलेलं सगळंच सुंदर दिसतं. याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे रशियाची विमानवाहू नौका 'ॲडमिरल गोर्शकोव्ह'. १९९४ मध्ये तिच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला होता, १९९६ मध्ये ती सेवेतून बाहेर गेली. २००४ मध्ये भारताने करार केला. नुसता सांगाडा फुकट, आणि डागडुजी-बदलांचे ९७.४ कोटी डॉलर. फुकट! हा शब्द आला की आपण सगळेच जरा हळवे होतो.

कामाला सुरुवात केल्यावर एकेक गोष्ट बाहेर येत गेली. आधी धरलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त केबल बदलावी लागणार होती. शेवटी सुमारे २,३०० किलोमीटर नवी केबल टाकली. २०१० मध्ये नवी किंमत ठरली, साधारण २३५ कोटी डॉलर. २००८ मध्ये मिळायची नौका १६ नोव्हेंबर २०१३ ला 'विक्रमादित्य' म्हणून दाखल झाली. त्याआधी २०१२ च्या चाचण्यांमध्ये आठपैकी सात बॉयलर बिघडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मर्यादित आयुष्य उरलेलं जुनं जहाज नव्यापेक्षाही महाग पडतंय, असे ताशेरे कॅगने २००९ च्या अहवालात ओढले होते.

कुठल्याही जुन्या सिस्टिमवर काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एस्टिमेट कोड उघडण्याआधी दिलं की असंच होतं.

तेव्हा जेट बोट बघायला जाताना रात्री आणि पाण्यात उभी असलेली बोट बघू नका. ट्रेलरवर चढवायला लावा, खाली वाका, टॉर्च मारा. तळ कुठे ठोकून सरळ केलाय का? मागच्या बाजूला जिथे जेट बसवलंय तिथे तडे आहेत का? जाळीतून हात घालून इंपेलरच्या पात्यांच्या कडा बघा (इंजिन बंद आणि किल्ली आपल्या खिशात असतानाच!). इंजिनच्या तेलाचा रंग दुधाळ असेल तर तेलात पाणी शिरलंय. शाफ्टच्या सीलमधून गळती आहे का, बेअरिंग खरखरतं का, तेही बघा. तासांचं मीटर बदलता येतं, झीज लपवता येत नाही.

३. पार्ट कोण देणार?

आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' हीसुद्धा जुनीच. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली 'हर्क्युलिस' युद्ध संपल्यावर अर्धवट पडून होती. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, पुरी करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती नौदलात आली. वापरलेली नव्हती, पण डिझाइन जुनं आणि सांगाडाही जुना.

दहाएक वर्षांनी, १९७० मध्ये, मुंबईच्या नौदल गोदीत लक्षात आलं की बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना तडे गेलेत. वेल्डिंगने भागणार नव्हतं आणि बदली ड्रम आपल्याकडे मिळत नव्हते. आणि समोर १९७१ चं युद्ध. शेवटी वेगावर मर्यादा घालून, अधू बॉयलर सांभाळत विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. त्या खलाशांना आणि गोदीतल्या कामगारांना सलामच. पण त्यांना ही कसरत करावी लागली, कारण पार्ट आपल्या हातात नव्हता.

सेलूत ट्रॅक्टरचा पार्ट कोपऱ्यावर मिळतो. जेट बोटीचा इंपेलर मिळत नाही. कुठल्या कंपनीचं जेट, कुठलं मॉडेल, त्याचे सुटे भाग अजून बनतात का, भारतात कोण आणतं, किती दिवस लागतात, हे बोटीची किंमत विचारण्याआधी विचारा. इंजिन गाडीच्या इंजिनवरून बनवलेलं असेल तर आपला मेकॅनिक काहीतरी करेल. पंपाला हात लावणारा माणूस मात्र आधी शोधून ठेवा. सीझन ऐन भरात असताना तीन आठवडे पार्सलची वाट बघणं म्हणजे धंदा बंद.

४. पाणी कोणाचं, धक्का कोणाचा?

आता परत लॉयल्टीकडे. समजा तिचा तळ उत्तम होता, इंजिन उत्तम होतं. तरी ती चालली नसती. कारण समुद्र जरी सगळ्यांचा असला तरी माल सगळ्यांचा नव्हता.

पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्या १९१४ मध्ये एक झाल्या होत्या, आणि त्यांच्या मागे लॉर्ड इंचकेपसारखा माणूस होता. या कंपन्यांची एक युक्ती भारी होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातला काही भाग त्याला परत मिळायचा, पण काही महिन्यांनी. आणि तोपर्यंत त्याने सगळा माल फक्त त्यांच्याच बोटींनी पाठवला असेल तरच. मध्येच एखादं पोतं जरी दुसऱ्याच्या बोटीत चढवलं की साठलेली सगळी सूट गेली. थोडक्यात काय, तर लॉयल्टी पॉइंट्स! 'लॉयल्टी' नावाच्या जहाजाचं नशीब बघा, तिला माल मिळू नये म्हणून जी योजना होती तिचंही नाव तेच शोभलं असतं.

हे आधी एकदा घडून गेलं होतं. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोच्या मार्गावर दोन बोटी घातल्या. ब्रिटिश इंडियाने तिकीट पाडत पाडत एक रुपयावर आणलं, मग फुकट न्यायला सुरुवात केली आणि वर छत्रीही भेट दिली. पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली.

लॉयल्टीच्याही काही फेऱ्या झाल्या. पण युद्धानंतर चढलेले भाड्याचे दर कोसळले, जहाज बांधून ठेवावं लागलं आणि १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत निघालं. त्याच सुमाराला सिंधियाला इंचकेपशी दहा वर्षांचा करार करावा लागला. ७५,००० टनांपेक्षा जास्त जहाजं ठेवायची नाहीत आणि किनाऱ्याच्या व्यापारातच राहायचं. म्हणजे लंडनचा मार्ग बंद.

जेट बोटीला कोणी इंचकेप आडवा येणार नाही. पण धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याचं असतं, तिथे बोट चालवायला परवानगी लागते. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, हे सगळं त्यात येतं. जुन्या मालकाची कागदपत्रं नसतील तर ती बोट स्वस्त नाही, ती बेवारस आहे. आणि मुख्य म्हणजे पाणी. दुष्काळाच्या वर्षात आपल्या धरणाचं काय होतं ते सेलूकरांना कोणी सांगायला नको. जेट बोट उथळ पाण्यात चालते हे खरं, पण गाळ आणि जलपर्णी तिच्या जाळीत अडकते हेही तितकंच खरं. जूनमध्ये धरण बघून या आणि मग ऑक्टोबरच्या उत्साहात निर्णय घ्या.

५. ट्रायल कुठे आणि कोणासमोर?

हा शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली. इंजिनची चाचणी चालू असताना बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. १५ माणसं गेली. ट्रायल चालू होती, आणि तीही ऐन वर्दळीच्या बंदरात.

जेट बोटीचा इथे एक गुण माहीत हवाच. तिला सुकाणू नसतं, नोझल वळवून ती वळते. म्हणजे पाण्याचा झोत आहे तोपर्यंतच ती वळणार. समोर काही आलं की आपण घाबरून सहज थ्रॉटल सोडतो. गाडीत ते बरोबर आहे. जेट बोटीत थ्रॉटल सोडलं की वळायची ताकद पण जाते आणि बोट सरळ त्या वस्तूकडेच जाते. मागे घ्यायला गिअर नसतो, झोतापुढे एक झाकण उतरतं आणि झोत पुढे वळतो. ते झाकण अडकतंय का, हे आधी बघा.

ट्रायल मोकळ्या पाण्यात घ्या, इतर बोटी आणि पोहणारी पोरं नसलेल्या ठिकाणी. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती, वेग किती, हे लिहून घ्या आणि त्या मॉडेलच्या मूळ आकड्यांशी ताडून बघा. आरपीएम भरपूर आणि वेग कमी, तर पंप झिजलाय. बोटीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजे. पट्टे बांधून. सेल्फीपुरतं नाही.

मग जुनी घ्यायचीच नाही का?

इतकं वाचून कोणी म्हणेल, हे सगळे सौदे मूर्खपणाचे होते. मला तसं वाटत नाही. विक्रांत नसती तर विमानवाहू नौका चालवायची कशी हे आपण शिकलो नसतो. १९८७ मध्ये आलेली 'विराट' ही ब्रिटनची 'हर्मिस', १९८२ च्या फॉकलंड युद्धातली त्यांची मुख्य नौका. आपण ती तिच्या वयाच्या मानाने नको तितकी, २०१७ पर्यंत चालवली. तिचं संग्रहालय करायचे बेत झाले, सिंधुदुर्गातल्या निवतीचं नावही पुढे आलं, पण शेवटी २०२० मध्ये ती अलंगच्या भंगार किनाऱ्यावर गेली. विक्रांत तर मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, पण २०१४ मध्ये तीही तोडली. जुनी वस्तू घेताना तिचा शेवटचा खर्चही आपल्याच नावावर येतो, तो असा. पण त्या दोघींवर शिकूनच पुढे कोचीत नवी विक्रांत बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ ला ती नौदलात आली.

वालचंदांचंही तेच. १९१९ मध्ये त्यांना नवं जहाज बांधून मिळायची वाट बघत बसता आलं नसतं. जे बाजारात उभं होतं ते घेतलं आणि रिंगणात उतरले. लॉयल्टीने त्यांना तोटा दिला, पण दर कोण ठरवतं, माल कोण अडवतं, कोळसा किती जातो, हे सगळं त्या एका जहाजावर कळलं. पिळ्ळैंना जी संधी मिळाली नाही ती त्यांना मिळाली, कारण त्यांनी सगळं त्या एकाच जहाजावर लावलं नव्हतं. इंचकेपचा करार गिळला, किनाऱ्यावर तग धरला आणि पुढे स्वतःची गोदीच काढली. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला तिची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. सांगलीच्या 'वालचंद'मधून पास झालेल्या किती जणांना हे माहीत असतं, हा वेगळाच प्रश्न.

माझ्या मते हिशोब असा आहे. जुनी बोट ही सुरुवात करायला घ्यावी, कायमची म्हणून नाही. हातात जेवढे पैसे असतील त्यातले निम्म्याहून जास्त बोटीत घालू नयेत. उरलेले पंपाच्या कडीला, परवान्याला, विम्याला, जॅकेटांना आणि एका कोरड्या वर्षाला ठेवावेत. त्या कोरड्या वर्षाची तजवीज नसेल तर बोट कितीही एक नंबर असू दे, पुढच्या उन्हाळ्यात ती ब्रह्मवाकडीच्या काठावर ताडपत्रीखाली दिसेल आणि तुम्ही गिऱ्हाईक शोधत असाल.

असो. कोणी खरंच घेतली तर जरूर सांगा, बघायला नक्की येईन. टॉर्च माझी :)